बोट वर केलेला माणूस

रोमन दिवा तळहातावर मावतो. भाजलेल्या मातीचा, चपटा, पुढे वातीसाठी नळी, मागे कधीकधी बोट अडकवायला कडी. वरच्या बाजूला मधोमध खोलगट गोल चकती असते आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या दिव्यांच्या या चकतीत बहुधा एखादं उठावाचं चित्र असतं. देव असतात, हरणं असतात, गलबतं असतात, शृंगार असतो आणि फार वेळा ग्लॅडिएटर असतात. एक उभा, दुसरा गुडघ्यावर आलेला. त्याची ढाल खाली टेकलेली, एक हात वर. तेल ओतायला चकतीत भोक पाडावंच लागे. हुशार कुंभार ते दोघांमधल्या मोकळ्या जागेत पाडी. घाईतला कुंभार कुठेही पाडी, मग ते एखाद्याच्या ढालीतून जावो की मांडीतून.

हे दिवे आणि त्यांचे सगेसोयरे हा या पुस्तकाचा विषय आहे. काचेचे पेले, लाल चकचकीत मातीचे वाडगे, सुऱ्यांच्या मुठी, ब्राँझच्या बाहुल्या, भिंतीवरची चित्रं, रंगीत खड्यांच्या फरशा. ब्रिटनपासून लिबियापर्यंत जिथे जिथे रोमन सत्ता पोचली तिथे तिथे अशा वस्तू सापडतात, आणि अभ्यासकांनी दीर्घकाळ त्यांच्याकडे एकाच प्रश्नासाठी पाहिलं: आखाड्यात नेमकं काय होत असे? प्रश्न रास्त आहे. कोणत्या योद्ध्याकडे कोणती ढाल, कुणाच्या एकाच नडगीला कवच आणि कुणाच्या दोन्ही, हे आपल्याला मोठ्या प्रमाणात या चित्रांवरूनच कळलं. पण आखाड्यात शिरण्याआधी दिव्याच्या मालकाच्या घरात शिरावं असं मला वाटतं. दिवा त्याने निवडून, पैसे मोजून आणला होता. लढणाऱ्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं. म्हणून पुढची प्रकरणं मी काळानुसार लावली नाहीत, घेणाऱ्याच्या ऐपतीनुसार लावली आहेत. दिव्यापासून सुरुवात करून आपण वाड्यातल्या फरशीपर्यंत जाऊ.

चित्रातला हा माणूस होता कोण? युद्धकैदी, गुलाम, शिक्षा झालेला गुन्हेगार. आणि काही वेळा करार करून स्वतःला बांधून घेणारा स्वतंत्र नागरिक. कुठूनही आलेला असो, आखाड्यात उतरला की त्याची अब्रू संपली. रोमन कायद्याने नट, कुंटणखानेवाले आणि ग्लॅडिएटर यांना एकाच रांगेत बसवलं होतं. गावच्या सभेचं दार त्यांना बंद होतं. दुसऱ्या शतकातला कायदेपंडित गायस आपल्या पाठ्यपुस्तकात एक उदाहरण देतो. मालकाने खेळ भरवणाऱ्याला ग्लॅडिएटर दिले आणि ठरवलं, की जो धडधाकट परत येईल त्याच्यामागे २० डिनारियस द्यायचे आणि जो मरेल किंवा पंगू होईल त्याच्यामागे १००० डिनारियस. मग हा व्यवहार भाड्याचा समजायचा की विक्रीचा? गायसचं उत्तर सरळ आहे: परत आला तर भाड्याचा, नाही आला तर विक्रीचा. समारंभाला भाड्याने आणलेलं भांडं फुटलं की त्याची पूर्ण किंमत भरावी लागते, त्यातलाच हा न्याय. माणूस कायद्याच्या पुस्तकात आधी वस्तू झाला आणि मग कुंभाराच्या साच्यात पुन्हा वस्तू झाला.

तरीही याच माणसावर रोमन जीव टाकत. पॉम्पेईतल्या भिंतींवरच्या खरडीत केलाडस नावाच्या एका योद्ध्याबद्दल, याच्यासाठी पोरी उसासे टाकतात अशा अर्थाचा मजकूर आहे. तो चाहत्याने लिहिला की त्यानेच, कोण जाणे. इसवी सन २००च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक टर्टुलियन चिडून विचारतो, की हे लोक ज्यांना शिक्षा देतात त्यांच्यावरच प्रेम कसं करतात, ज्यांच्या कलेची वाहवा करतात त्यांनाच कमी कसं लेखतात. टर्टुलियन कडवा होता आणि त्याच्या बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण या दिव्यांवरचं सर्वांत अचूक भाष्य त्याचं आहे.

रोममध्ये ग्लॅडिएटरांची पहिली झुंज इसवी सनपूर्व २६४मध्ये झाली. ब्रुटस पेरा या सरदाराच्या अंत्यविधीत त्याच्या मुलांनी गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढवल्या. मृताच्या मानासाठी रक्त सांडायची ही रीत दक्षिण इटलीत त्याहून जुनी. पेस्टुम इथल्या इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या थडग्यांच्या भिंतींवर अशी द्वंद्वं रंगवलेली आहेत. पण लढत संपल्यावर तिचं चित्र करून लोकांना दाखवायची कल्पना कुणाची? ज्ञानकोशकार थोरल्या प्लिनीने त्याचंही नाव नोंदवून ठेवलं आहे. गायस टेरेन्शियस लुकानस याने दत्तक घेणाऱ्या आजोबांच्या स्मरणार्थ रोमच्या चौकात तीन दिवस ३० जोड्या लढवल्या आणि त्याचं चित्र डायानाच्या राईत लावलं. म्हणजे चित्रामागची पहिली प्रेरणा हिशेबी होती. खेळ तीन दिवसांत संपतो, खर्च कायमचा होतो. चित्र राहिलं तर खर्चाची आठवण राहते. लुकानसचं ते चित्र उरलेलं नाही, त्यामागचा विचार मात्र पुढे पाच शतकं टिकला.

फुकट बघणारेही होतेच. रोमन कवी होरेसच्या एका उपहासिकेत त्याचा गुलाम डाव्हस मालकाला सुनावतो: तुम्ही जुन्या नामवंत चित्रकारांपुढे खुळावल्यासारखे उभे राहता ते रसिक, आणि मी गेरूने न् कोळशाने काढलेल्या ग्लॅडिएटरांपुढे टाचा उंचावून उभा राहिलो की कामचुकार! डाव्हसला ती चित्रं जिवंत वाटतात, माणसं खरंच वार करताहेत आणि चुकवताहेत असं वाटतं. रोमन कलेबद्दल लिहिणाऱ्यांनी डाव्हसचं म्हणणं पुरेसं मनावर घेतलेलं नाही. २०२४ साली पॉम्पेईत एका घराच्या अंगणाच्या भिंतीवर लहान मुलांनी कोळशाने काढलेली चित्रं उजेडात आली. त्यांतही लढणारे आहेत आणि जनावरांशी झुंजणारे शिकारी आहेत. काड्यांचे हातपाय, वाटोळी डोकी.

आता बाजाराकडे वळू. दिवा साच्यातून निघे. वरचा अर्धा एका साच्यात, खालचा दुसऱ्यात. ओली माती दाबायची, दोन्ही भाग जोडायचे, भोकं पाडायची, पातळ मातीच्या द्रावणात बुडवायचं आणि भट्टीत घालायचं. नवा साचा घडवायला कसबी हात लागे. चोरायला लागत नसे. प्रतिस्पर्ध्याच्या दुकानातून एक दिवा विकत आणायचा, त्याच्यावरूनच साचा घ्यायचा. पण माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, त्यामुळे नकलेचा दिवा मुळापेक्षा लहान येतो, आणि नकलेची नक्कल त्याहून लहान. चार पिढ्यांनंतर त्याच जोडीतला ग्लॅडिएटर बुटका झालेला असतो, शिरस्त्राणाची जाळी पुसली गेलेली असते आणि तलवारीची काठी झालेली असते. संग्रहालयाच्या कपाटात असे दिवे शेजारीशेजारी ठेवलेले दिसले तर जरूर थांबून पाहा. पिढ्यान्‌पिढ्यांची उचलेगिरी तिथे मोजपट्टीने मोजता येते.

दक्षिण फ्रान्समधल्या ला ग्राउफसेंक इथल्या कुंभारवाड्यात लाल झिलईचे वाडगे हजारोंनी भाजले जात आणि साम्राज्यभर जात. तिथली रीत निराळी होती. प्रत्येक आकृतीचा छोटा ठसा असे आणि साच्याच्या आतल्या अंगावर कुंभार असे ठसे एकापुढे एक दाबत जाई. ग्लॅडिएटर, झाड, ससा, पुन्हा ग्लॅडिएटर. ठशाला जोडीदाराची गरज नसते, त्यामुळे काही वाडग्यांवर गुडघ्यावर आलेला योद्धा शरण जातो आहे आणि त्याच्यासमोर आहे एक पळता कुत्रा. आखाड्याचा पुरावा म्हणून या वाडग्यांकडे बघणाऱ्यांची इथे पंचाईत होते. जेवणाऱ्याची झाली नसावी.

पण मला सर्वांत आवडणारी वस्तू काचेची आहे. काच फुंकून आकार द्यायची युक्ती तेव्हा जेमतेम शंभर वर्षांची होती. इसवी सन ५० ते ८०च्या दरम्यान साच्यात काच फुंकून केलेले उभट पेले बाजारात आले. पिवळट, हिरवट, मुठीत मावणारे. पेल्याभोवती ग्लॅडिएटरांच्या जोड्या, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव. पेट्राइतेस, प्रुदेस, स्पिक्युलस, कोलंबस. इटलीपेक्षा गॉलमध्ये आणि आसपासच्या प्रांतांत ते जास्त सापडले. नाव आलं की चित्र बदलतं. आता तो कुणी एक जाळेवाला किंवा ढालवाला राहत नाही. आपण त्याच्या बाजूचे होतो किंवा विरुद्ध.

याच पेट्राइतेसची गाठ साहित्यातही पडते. सम्राट नीरोच्या काळातल्या पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये ट्रिमाल्किओ नावाचा नवश्रीमंत यजमान आहे. एकेकाळचा गुलाम, आता गडगंज. जेवणाच्या पंगतीत तो आपल्या चांदीच्या पेल्यांबद्दल फुशारकी मारतो. पुराणकथांची नावं त्याला धड सांगता येत नाहीत, कॅसांड्राला तो भलत्याच कथेत नेऊन बसवतो, पण हर्मेरॉस आणि पेट्राइतेस यांच्या लढती आपल्या पेल्यांवर आहेत हे मात्र बिनचूक सांगतो. पुढे थडग्याच्या सूचना देतानाही पेट्राइतेसच्या सगळ्या लढती त्यावर कोरायला सांगतो. पेट्रोनियस दरबारी माणूस, त्याने हा प्रसंग हसण्यासाठी लिहिला. वरच्या वर्गाला असले पेले भिकार वाटत हे उघड आहे. पण जो माणूस स्वतः बाजारात विकला गेला होता त्याने देवादिकांपेक्षा पेट्राइतेसला जवळ का केलं असेल, हा विचार पेट्रोनियसच्या डोक्यात आला नाही किंवा आला तरी त्याने तो सोडून दिला. मला ट्रिमाल्किओ इथे हास्यास्पद वाटत नाही.

पेल्यावरच्या स्पिक्युलसची कहाणी सम्राटांचा चरित्रकार स्वेटोनियस याने सांगितली आहे. नीरोने त्याला विजयी सेनापतींच्या तोडीची घरंदारं आणि जमीनजुमला दिला. इसवी सन ६८मध्ये सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा आपला शेवट करायला नीरोने स्पिक्युलसलाच शोधलं. तो सापडला नाही.

दिव्यांवर, पेल्यांवर, वाडग्यांवर प्रत्यक्ष मरण मात्र क्वचित दिसतं. दिसतो तो त्याआधीचा क्षण. हरलेला माणूस ढाल टाकून तर्जनी वर करी. त्याचा अर्थ, मी संपलो, आता निर्णय घ्या. पंच लांब काठी आडवी घालून जिंकणाऱ्याला अडवी. मग खेळ भरवणारा प्रेक्षकांचा कल बघून ठरवी. अंगठा खाली म्हणजे मरण, ही समजूत आपल्याकडे चित्रपटांतून आली आणि चित्रपटांत ती ज्याँ-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ सालच्या चित्रातून आली. जेरोमने पॉम्पेईतली शिरस्त्राणं बारकाईने अभ्यासली होती, अंगठ्याच्या बाबतीत मात्र त्याने स्वतःच्या तर्काने काम भागवलं. वस्तूंवर आपल्याला भेटतं ते बोट, आणि ते हरलेल्याचं.

हरला म्हणजे मेला असंही नव्हतं. जॉर्ज विल या फ्रेंच इतिहासकाराने पहिल्या शतकातल्या १०० लढतींचा हिशेब मांडला. त्यातल्या २०० लढवय्यांपैकी १९ मेले. पॉम्पेईच्या नुकेरिया वेशीबाहेर एका थडग्याच्या भिंतीवर कुणीतरी लढतींची खरड करून ठेवली आहे. मार्कस अटिलियस हा नवशिका, पहिलीच लढत, समोर डझनभर विजय नावावर असलेला हिलारस. अटिलियस जिंकला. हिलारसला सोडून दिलं. पुढच्या लढतीत अटिलियससमोर १२ विजयांचा धनी राएकियस फेलिक्स, तोही हरला, तोही सुटला. काही लढती दोघेही उभे असताना बरोबरीत सोडल्या जात. २०१९मध्ये पॉम्पेईच्या पाचव्या विभागात, बहुधा खाणावळ असलेल्या एका इमारतीच्या जिन्याखाली सापडलेल्या भित्तिचित्रात रक्ताने माखलेला ‘थ्रेसियन’ प्रकारचा योद्धा बोट वर करून उभा आहे. त्याच विभागात ग्लॅडिएटरांचं निवासस्थान होतं. खाणावळीत पेला घेऊन बसणाऱ्यांपैकी काहींनी हा अनुभव घेतलेला असणार.

कारागिराने हाच क्षण का निवडला? एक कारण रचनेचं आहे. एक उभा आणि एक वाकलेला अशी जोडी गोलात झकास बसते. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. निर्णय झालेला नाही असं चित्र घरात असलं की तो निर्णय घरमालकाकडे येतो. आखाड्यात हा अधिकार श्रीमंताचा, फार तर हजारोंच्या गर्दीत ओरडण्यापुरता आपला. घरी दिवा लावला की आपण एकटेच खेळाचे मालक. सोडायचं की मारायचं, रोज रात्री ठरवा. चार पैशांत एवढी सत्ता दुसरीकडे कुठे मिळत नव्हती.

ऐपत वाढत गेली तसं चित्र बदललं. ज्याने खरोखरच खेळ भरवला होता त्याला अधांतरी क्षणात रस नव्हता. त्याला निकाल हवा होता, नावांसह. माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात रोमहून आलेली एक खड्यांची फरशी आहे. ती खालून वर वाचायची. खाली कालेंडिओ या जाळेवाल्याने अस्टियानॅक्सवर जाळं टाकलेलं आहे, वाटतं, संपलं. वरच्या पट्ट्यात कालेंडिओ जखमी होऊन जमिनीवर आहे, हात वर करून शरण जातो आहे आणि मजकूर सांगतो की अस्टियानॅक्स जिंकला. कालेंडिओच्या नावापुढे फक्त एक चिन्ह आहे, आडवी रेघ मारलेला गोल. ग्रीक ‘थीटा’, म्हणजे मृत. १८३४मध्ये रोमजवळ तोर्रेनोव्हा इथे सापडलेल्या आणि आता बोर्गेसे संग्रहात असलेल्या चौथ्या शतकातल्या फरशीवर तर हे चिन्ह नावामागून नावापुढे येतं. अंगात बाण गेल्यासारखी पडलेली माणसं, रक्ताची थारोळी लाल खड्यांत नीट जुळवलेली. यजमान आणि पाहुणे या नावांवरून चालत जात.

ट्युनिशियातल्या स्मिरात इथली फरशी मात्र मला वाङ्मय म्हणून वाचावीशी वाटते. तिसऱ्या शतकातली ही फरशी १९६६मध्ये सापडली. तीत ग्लॅडिएटर नाहीत. चार शिकारी आणि चार बिबटे आहेत, तरी आखाडा तोच आणि पैसेवालाही त्याच जातकुळीचा. बिबट्यांनाही नावं आहेत: व्हिक्टर, क्रिस्पिनस, रोमानस, लक्झुरियस. मधोमध एक सेवक तबक धरून उभा आहे आणि तबकात पैशांच्या चार थैल्या, प्रत्येकीवर हजाराची खूण. शेजारच्या मजकुरात अख्खा लिलावच आहे. दवंडीवाला सांगतो, शिकाऱ्यांना प्रत्येक बिबट्यामागे ५०० डिनारियस मिळावेत. मग प्रेक्षक मागेरियसच्या नावाचा गजर करतात: पुढच्यांनी तुझ्याकडून शिकावं, असा खेळ कधी कुणी पाहिला, हीच श्रीमंती, हीच सत्ता. मागेरियस दुप्पट देतो. हे सगळं त्याने आपल्या घराच्या जमिनीत बसवून घेतलं, गजरासकट. खेळ भरवणारे पुष्कळ झाले. आपली टाळ्यांची दाद शब्दशः फरशीत उतरवून घेणारा मागेरियस विरळा. निर्लज्ज म्हणावं तर इतका निरागस निर्लज्जपणाही दुर्मीळ. लिबियातल्या झ्लितेनच्या फरशीवर लढणाऱ्यांच्या शेजारी वाद्यवृंद आहे. तुतारी, शिंगं आणि पाण्याच्या दाबावर वाजणारा ऑर्गन, तो वाजवायला बसलेली बाई. त्याच किनारीत पुढे एका बांधलेल्या माणसाला छोट्या गाड्यावरून बिबट्याच्या तोंडी ढकललं जातं आहे. ऑर्गन आणि गाडा यांच्यात चित्रकाराने कुठलीही रेघ ओढलेली नाही.

काही वस्तू या चढत्या पायऱ्यांवर कुठेच बसत नाहीत. अठराव्या शतकात हर्क्युलेनियममध्ये सापडलेली ब्राँझची टांगती घंटा घ्या. तिच्यावरचा ग्लॅडिएटर तलवार उगारून चवताळलेल्या जनावरावर धावून जातो आहे आणि ते जनावर म्हणजे त्याचंच लिंग आहे. नेपल्सच्या संग्रहालयाने ती बरीच वर्षं कुलपात ठेवली. रोमन घरात ती दृष्ट लागू नये म्हणून उघड्यावर टांगत आणि येणारेजाणारे तिच्या घुंगरांना धक्का लावत. इंग्लंडमध्ये बिग्नर इथल्या वाड्यात, १८११मध्ये नांगराला लागलेल्या फरशीवर, पंख असलेली गुटगुटीत बाळं ग्लॅडिएटर होऊन लुटुपुटू लढताहेत. एक जाळेवाला, एक ढालवाला, मागे काठी घेतलेला शिक्षक. गोड चित्र आहे आणि ते गोड वाटतं हेच मला खटकतं. हॅलिकार्नासस इथल्या संगमरवरी पट्टावर अ‍ॅमेझॉन आणि अकिलिया या दोन बायका समोरासमोर उभ्या आहेत. दोघींना सोडून दिल्याची नोंद ग्रीकमध्ये आहे. तो पट्ट आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. आणि ज्याच्यावरून हे सगळं घडवलं गेलं तो योद्धाही आखाड्यात सजूनच उतरे. पॉम्पेईतल्या त्यांच्या निवासात अठराव्या शतकात सापडलेल्या शिरस्त्राणांपैकी एकावर ट्रॉय नगरीच्या पाडावाचे प्रसंग ठोकून काढले आहेत. दुसऱ्यांच्या पेल्यांवर हा माणूस होता, त्याच्या डोक्यावर होमरच्या जगातली माणसं होती.

या वस्तूंची वाट आपल्या दिशेनेही येते, थोडी. अफगाणिस्तानातल्या बेग्रामला १९३०च्या दशकाच्या अखेरीस फ्रेंच उत्खननकारांना कुषाणकालीन बंद खोल्या सापडल्या. त्यांतल्या रंगवलेल्या रोमन काचपात्रांपैकी एकावर ग्लॅडिएटर आहे. त्याच खोल्यांत भारतीय हस्तिदंताचं अप्रतिम काम होतं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची ब्राँझ मूर्ती मिळाली, म्हणजे रोमन शोभेच्या वस्तू सातवाहनांच्या मुलखात येत होत्याच. उलट दिशेने पाहिलं तर पॉम्पेईत १९३८मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली आणि तिच्या जवळच्या बहिणी भोकरदन आणि तेर इथे मिळाल्या आहेत. मराठवाड्याच्या घडणीची बाई आणि केलाडसची खरड एकाच गावात, एकाच राखेखाली होती. ग्लॅडिएटर असलेली वस्तू महाराष्ट्रातून मिळाल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही आणि त्यासाठी ओढाताण करायची मला गरजही वाटत नाही.

पुस्तकातली सर्वांत जास्त पानं कोलचेस्टरच्या कलशाला दिली आहेत, त्याचं कारण सांगायला हवं. इंग्लंडच्या या गावात १८५३मध्ये तो एका दफनात सापडला. इसवी सन १७५च्या सुमारास तिथल्याच भट्टीत भाजलेला, आत जळालेली हाडं. त्याच्यावरची चित्रं पातळ माती नळीतून सोडत काढली आहेत, त्यामुळे रेघेला हाताचा वेग आहे. एका बाजूला मेम्नोन, ढाल आणि तलवारवाला, नावापुढे नऊ विजय. समोर व्हॅलेंटिनस, तिसाव्या सैन्यदलाचा जाळेवाला. त्याचा त्रिशूळ पडला आहे आणि बोट वर आहे. नावं भांडं भाजून झाल्यावर कुणीतरी कोरली असावीत असं दीर्घकाळ मानलं जाई. २०२३मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत ती कच्च्या मातीतच कोरल्याचं निष्पन्न झालं. म्हणजे हा कलश सांगून करवून घेतलेला होता आणि ही लढत अमुक दोघांची, बहुधा याच गावात झालेली. हाडं चाळिशी उलटलेल्या माणसाची. तो मेम्नोन असेल अशी आशा धरणारे आहेत. मला तो एखादा प्रेक्षक असावा असं वाटतं, ज्याने ती लढत पाहिली आणि मरेपर्यंत सांगितली. वस्तूने मालकाविषयी सांगावं हे माझं म्हणणं आहेच; इथे ती मालकाला पोटात घेऊन बसली आहे.

शेवटच्या प्रकरणात या सगळ्याला छेद देणारी चित्रं आहेत, ती लढणाऱ्यांच्या स्वतःच्या थडग्यांवरची. पैसे त्यांच्या बायकांनी, सोबत्यांनी भरलेले. त्यांवरचे योद्धे बहुधा समोर तोंड करून सरळ उभे असतात, हातात झावळी, शेजारी जिंकलेले मुकुट ओळीने मांडलेले. गुडघ्यावर कुणी नसतं. एका दगडावर मात्र तक्रार आहे. काळ्या समुद्राच्या काठच्या अमिसस गावातला हा दगड आता ब्रसेल्सच्या संग्रहालयात आहे. डायोडोरस त्याच्यावरून सांगतो, की मी डेमेट्रियसला पाडलं होतं पण लगेच मारलं नाही, आणि मला नशिबाने आणि मुख्य पंचाच्या लबाडीने मारलं. मायकेल कार्टर या अभ्यासकाने याचा उलगडा असा केला आहे: डायोडोरसने पडलेल्याची तलवार काढून घेतली आणि लढत संपली असं समजून तो मागे सरला. पंचाने मात्र ते पडणं अपघाती ठरवलं, डेमेट्रियसला उठवून तलवार परत दिली आणि लढत पुढे चालू केली. कोरणाऱ्याने दगडासाठी आधीचाच क्षण घेतला आहे. डेमेट्रियस जमिनीवर, डायोडोरस उभा, दोन्ही हातांत एकेक तलवार.